विन्क्रिस्टिन सुरू आहे, काय सांभाळायचं?

केमोची औषधं जिथे तयार होतात त्या खोलीत मी बरीच वर्षं काम करते आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेला डोस तपासायचा, निर्जंतुक कपाटात तो तयार करायचा, त्यावर लेबल लावायचं आणि तो योग्य माणसाला योग्य वाटेने मिळतो आहे ना ते बघायचं, हे माझं काम. या वेळच्या पत्रांत विन्क्रिस्टिन हे नाव पुन्हा पुन्हा आलं. ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) यांच्या उपचारात हे औषध १९६३ पासून वापरात आहे आणि आजही त्याच्यावाचून चालत नाही. म्हणून या अंकातली सगळी जागा त्यालाच दिली आहे. तुमच्या डोसबद्दलचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला ए.एल.एल. हा ब्लड कॅन्सर आहे. परवा त्याला पाठीतून एक इंजेक्शन आणि शिरेतून विन्क्रिस्टिन असं दोन्ही एकाच दिवशी होतं. पाठीतलं झालं तेव्हा तो गुंगीत होता. मी सिस्टरना म्हटलं, दुसरंही आत्ताच देऊन टाका, जागा झाला की सुई बघून रडतो. त्यांनी साफ नकार दिला. आम्ही वॉर्डात परत आलो, त्यानंतर दोन तासांनी औषध वर आलं. एवढं ताटकळत ठेवण्याचं कारण काय?

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. पण त्या सिस्टरनी त्या दिवशी तुमच्या मुलासाठी जे केलं त्याहून महत्त्वाचं काम कुणी केलं नसेल.

विन्क्रिस्टिन शिरेतून गेलं तर औषध आहे. तेच पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात गेलं तर जीव घेतं. नसा खालून वर निकामी होत जातात, पाय जातात, मग हात, मग श्वास. यावर उतारा नाही. लगेच तो द्रव धुऊन काढण्याचा प्रयत्न करतात, पण बहुतेक रुग्ण दगावतात आणि जे थोडे वाचले ते कायमचे अपंग झाले. १९६८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या देशांतल्या, नावाजलेल्या रुग्णालयांतल्यासुद्धा आहेत. इंग्लंडमध्ये २००१ साली एका अठरा वर्षांच्या मुलाला पाठीतून द्यायचं सायटाराबिन बरोबर दिलं गेलं आणि त्याच्या पाठोपाठ विन्क्रिस्टिनही त्याच सुईतून गेलं. त्याचा कॅन्सर आटोक्यात आलेला होता. महिन्याभरात तो गेला.

हे निष्काळजी माणसांच्याच हातून होतं असं समजू नका. तुमच्या मुलाच्या आजारात कॅन्सरच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवती लपून बसू शकतात, म्हणून पाठीतून औषध द्यावंच लागतं. ते मेथोट्रेक्सेट असतं, सायटाराबिन असतं, कधी सोबत हायड्रोकॉर्टिसोन. त्याच काळात शिरेतून विन्क्रिस्टिनही चालू असतं. मेथोट्रेक्सेट पिवळं दिसतं, ते डोळ्याला निराळं कळतं. पण सायटाराबिन आणि विन्क्रिस्टिन ही दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. दोन लहान सिरिंजमध्ये भरून एका ट्रेमध्ये ठेवली तर मलासुद्धा नुसत्या नजरेने ओळखता येणार नाहीत. त्यात मूल गुंगीत, डॉक्टर घाईत, आणि शेजारी उभी असलेली आई म्हणते आहे की दोन्ही आत्ताच उरका. अपघात अशाच क्षणाची वाट बघत असतो.

म्हणून आमच्याकडे ही दोन औषधं एका वेळी खोलीबाहेर पडत नाहीत. आधी पाठीतलं जातं. ते दिल्याची सहीनिशी नोंद खाली आली की मगच विन्क्रिस्टिन वर पाठवायचं, आणि तेही जिथे पाठीतलं इंजेक्शन देतात त्या खोलीत नाही, वॉर्डात. काही केंद्रं तर दोन्हींसाठी वेगवेगळे दिवसच ठेवतात. तुमचे दोन तास बहुधा यातच गेले.

आणखी एक खूण तुम्हाला सांगते. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढली की विन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नये, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून शिरेतून द्यावं. यामागचा विचार अगदी साधा आहे. पन्नास मिलिलीटरची पिशवी पाठीत रिकामी करायला कुणाचाही हात धजावणार नाही. लेबल न वाचता, थकलेल्या माणसालाही वस्तूच थांबवते. पाठीतल्या इंजेक्शनसाठी आता वेगळ्या जोडणीच्या सुया आणि सिरिंजही निघाल्या आहेत, शिरेची सिरिंज त्यांना बसतच नाही. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१६ साली ठरलं. पण सगळीकडे त्या पोचेपर्यंत पिशवी हाच सगळ्यात भक्कम अडसर आहे. तिच्यावरचं लेबल तुम्हीही वाचा. ‘फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक’ अशा अर्थाचा ठळक मजकूर त्यावर असायलाच हवा.

पुढच्या वेळी औषध आलं की मोठ्याने विचारा, ‘हे कोणतं औषध आणि कुठून देणार?’ उत्तर देणाऱ्याने नाव आणि मार्ग दोन्ही उच्चारायला हवेत. यात कुणाचा अपमान नाही. मी स्वतः रोज सहकाऱ्याला हेच मोठ्याने विचारते आणि तोही मला विचारतो.

मुलाच्या रडण्याचं म्हणाल तर तो प्रश्न सुटण्यासारखा आहे. सुई टोचण्याआधी त्वचा बधिर करणारं मलम लावता येतं, किंवा गुंगी देण्यासाठी घातलेली शिरेतली नळी नीट चालत असेल तर नंतरही तीच वापरता येते. ती चांगल्या शिरेत आणि नुकतीच घातलेली हवी. सकाळी गेल्यागेल्याच सिस्टरशी बोलून ठेवा.

प्रश्न : मी एका लहान केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे अजून सिरिंजनेच देतात. वरिष्ठ म्हणतात, पिशवीने दिलं तर औषध शिरेबाहेर सांडण्याचा धोका वाढतो. खरं आहे का?

उत्तर : ही शंका जुनी आहे आणि चिंतेपोटीच येते, कारण विन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर त्वचा आणि खालचं मांस जाळतं. पण ज्या रुग्णालयांनी पिशवी स्वीकारली तिथे ही भीती खरी ठरली नाही. अट एवढीच की पिशवी लावून निघून जायचं नाही. काम पाच ते दहा मिनिटांचं असतं. शीर मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यावरची नको. आधी साधं सलाईन सोडून, रक्त मागे येतं का ते बघून खात्री करायची. हाताच्या शिरेतून देताना पंप लावायचा नाही, पिशवी उंचावर टांगून आपोआप उतरू द्यायची. पंप औषध शिरेबाहेरही तितक्याच जोराने ढकलत राहतो. आणि पिशवी संपेपर्यंत शेजारी बसून त्या जागेवर नजर ठेवायची. शिरेबाहेर सांडलेल्या औषधावर इलाज आहे. कण्यात गेलेल्यावर नाही. वरिष्ठांपुढे हे दोन धोके शेजारी शेजारी मांडा, मला वाटतं ते ऐकतील.

प्रश्न : माझे पती उंच आणि धिप्पाड आहेत. त्यांना लिम्फोमासाठी दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. कागदावर बाकीच्या औषधांचे डोस त्यांच्या अंगकाठीप्रमाणे मोठे दिसतात, पण विन्क्रिस्टिन मात्र फक्त २ मिलिग्रॅम. हिशेब चुकला आहे का?

उत्तर : चुकलेला नाही, आणि तुम्ही कागद इतका बारकाईने वाचता याचं मला फार बरं वाटलं. मोठ्या माणसांत विन्क्रिस्टिनचा डोस शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला १.४ मिलिग्रॅम असा काढतात. तुमच्या पतींचा पृष्ठभाग २.१ चौरस मीटर धरला तर आकडा जवळपास ३ येतो. पण या औषधाचा नसांवर होणारा त्रास डोसबरोबर वाढतो, म्हणून बहुतेक उपचारपद्धतींत एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही असा दंडक आहे. हा दंडक सगळ्यांना सरसकट लावावा का यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि काही उपचारपद्धती तो पाळत नाहीत. तुमच्या पतींच्या बाबतीत तो पाळला आहे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मुलांचा हिशेब वेगळा असतो, आणि दहा किलोच्या आतल्या बाळांचा तर वजनावरच.

रक्ताच्या तपासणीतल्या बिलिरुबिनकडेही, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याकडेही, लक्ष असू द्या. विन्क्रिस्टिन यकृतात मोडतं आणि मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतं. कावीळ असेल तर ते शरीरात साचतं. त्यातलं डायरेक्ट बिलिरुबिन डेसिलीटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर डोस निम्म्यावर आणतात. एखाद्या वेळी कागदावर १ मिलिग्रॅम दिसलं तर हे कारण असू शकतं. विचारून घ्या.

नावही पूर्ण वाचा. विन्ब्लास्टिन नावाचं भावंड औषध आहे, त्याचा डोस कितीतरी मोठा असतो, आणि या दोन नावांची अदलाबदल जगात झालेली आहे. आम्ही लेबलवर ‘क्रिस’ आणि ‘ब्लास’ ही अक्षरं मुद्दाम मोठी छापतो ती त्यासाठीच.

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे. विन्क्रिस्टिन घेऊन पाच दिवस झाले. पोट साफ झालेलं नाही, पोट फुगलंय, जेवण जात नाही. ते म्हणतात होईल आपोआप, डॉक्टरांना असलं काय सांगायचं. मेडिकलमधून एनिमा आणून देऊ का?

उत्तर : एनिमा देऊ नका. आणि हे वाचताच केंद्राला फोन करा, आज.

मला आलेल्या सगळ्या पत्रांत ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटली ते हे पत्र. पोटाच्या तक्रारीला लोक किरकोळ समजतात, संकोचतात, आणि विन्क्रिस्टिनच्या बाबतीत नेमकं तेच अंगाशी येतं. हे औषध पेशीच्या आतल्या अतिबारीक नळ्या बनू देत नाही. कॅन्सरची पेशी दुभंगताना याच नळ्या वापरते, म्हणून ती अर्ध्यावर अडकून मरते. पण आपल्या नसांच्या लांबलचक तंतूंमध्येही याच नळ्या रुळांसारख्या अंथरलेल्या असतात आणि त्यांच्यावरून सगळा माल पुढे जातो. रूळ उखडले की नस मंदावते. आतडं हलवणाऱ्या नसा मंदावल्या की आतडं झोपतं. मग मळ वर, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अडकून बसतो. तपासताना खालचा भाग रिकामा सापडतो आणि वाटतं की काही साचलेलंच नाही. पोटाचा एक्स-रे काढला की खरं काय ते दिसतं. आतड्याची हालचाल पूर्णच थांबली, उलट्या सुरू झाल्या, पोट ताठ झालं, तर ती तातडीची अवस्था आहे.

एनिमा का नको तेही सांगते. विन्क्रिस्टिन एकटं पांढऱ्या पेशी फारशा कमी करत नाही, पण ते सहसा एकटं देतच नाहीत. सोबतच्या औषधांनी काउंट खाली आलेले असतात. अशा वेळी गुदद्वारात काहीही घातलं आणि आत बारीकशी जखम झाली तर तिथले जंतू थेट रक्तात जातात. सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी) नको, आणि ताप बघायचा थर्मामीटरही तिथे नको.

खरं तर पोटाचं औषध त्रास सुरू झाल्यावर घ्यायचं नसतं. ते डोसच्या दिवसापासूनच सुरू करायचं असतं. मल मऊ करणारं आणि आतड्याला चालना देणारं, दोन्ही प्रकार लागू शकतात. कोणतं आणि किती ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या चक्रासाठी ते आत्ताच लिहून घ्या. पाणी भरपूर, जमेल तेवढं चालणं. मात्र पोट फुगलेलं असताना इसबगोलासारखा भुसा स्वतःहून वाढवू नका. झोपलेल्या आतड्यात तो आणखी गोळा होऊन बसतो. आणि उलटी थांबवायच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही फोनवर सांगा, त्यातल्या काहींनी पोट आणखी बांधतं.

बाबांना माझा निरोप द्या: बाबा, केमोच्या वॉर्डात रोज सकाळी सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. डॉक्टर याची वाट बघत असतात. दोन दिवस पोट साफ झालं नाही की तिसऱ्या दिवसाची वाट न बघता सांगायचं.

प्रश्न : औषध चालू असताना हाताला आग झाली. सिस्टरनी सलाईन लगेच थांबवलं आणि नंतर शेक दिला. मागच्या महिन्यात लाल औषधाच्या वेळी असंच झालं होतं तेव्हा मात्र बर्फ लावला होता. दोघींपैकी एकीचं चुकलं असणार ना?

उत्तर : दोघींचंही बरोबर. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन. ते शिरेबाहेर सांडलं तर थंडावा देऊन ते एका जागी रोखतात. विन्क्रिस्टिनचं उलट. त्याला ऊब देऊन पसरू द्यायचं, म्हणजे ते पातळ होऊन शरीरात शोषलं जातं. सोबत हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन त्या जागेभोवती देतात, त्याने हे पसरणं सोपं होतं. विन्क्रिस्टिनवर बर्फ लावला तर जखम वाढू शकते. म्हणून घरी आल्यावर हात दुखू लागला तर मनाने काही लावू नका, आधी विचारा की कोणत्या औषधाच्या वेळी हे झालं. एकाच दिवशी दोन्ही औषधं मिळणाऱ्यांनी तर कोणतं औषध कोणत्या हाताला दिलं ते लिहूनच ठेवावं.

आग झाली तेव्हा तुम्ही तोंडाने सांगितलंत, हे उत्तम केलंत. अनेक जण दात आवळून सहन करतात. जळजळ, सूज, टोचल्यासारखं वाटणं, काहीही झालं तरी त्या क्षणी सांगायचं. पुढचे काही दिवस त्या जागेकडे रोज बघत राहा. लाली पसरली, फोड आला, कातडी काळवंडली तर लगेच दाखवा.

प्रश्न : नखांना बुरशी झाली म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. केमो चालू आहे हे त्यांना सांगायचं राहिलं. घेऊ का?

उत्तर : अजून सुरू केल्या नसतील तर करू नका, केल्या असतील तर थांबून आजच कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. विन्क्रिस्टिन मोडणारं यकृतातलं जे यंत्र आहे तेच ही गोळी बंद पाडते. डोस कागदावर तोच राहतो, पण शरीराला तो कितीतरी मोठा लागतो. हातापायांतली ताकद जाणं, आतडं थांबणं, रक्तातलं सोडियम घसरून फिट येणं, इथपर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. व्होरिकोनाझोल आणि पोसाकोनाझोल ही त्याच घरातली. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही याच यादीत येतं. उलट फेनिटॉइन ही फिटची गोळी घेणाऱ्यांत केमोमुळे त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं. कधीकधी बुरशीवरचं औषध खरोखर जीव वाचवण्यासाठी लागतं. तेव्हा डॉक्टर विन्क्रिस्टिन पुढे ढकलतात किंवा दुसरं औषध निवडतात. नखांची बुरशी मात्र नक्की थांबू शकते. वरून लावायच्या उपायांबद्दलही विचारता येईल.

प्रश्न : विन्क्रिस्टिन सदाफुलीपासून बनतं असं वाचलं. मग इंजेक्शनच्या वेदना सोसण्यापेक्षा सदाफुलीची पानं किंवा फुलं रोज सकाळी खाल्ली तर? निदान सोबत?

उत्तर : बनतं सदाफुलीपासूनच, हे खरं. पण पानं खाऊ नका. एकटी नाहीत, सोबत नाहीत.

या झाडाची हकिगत मला फार आवडते, म्हणून थोडी सांगते. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो अशी अनेक देशांत समजूत होती. १९५० च्या दशकात कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक हीच समजूत तपासत होते. उंदरांना पानांचा अर्क तोंडाने दिला तेव्हा साखरेवर काही परिणाम दिसला नाही. मग त्यांनी तो टोचून दिला. साखर तशीच राहिली, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासलं तर त्यांच्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या होत्या. ज्या औषधाने पांढऱ्या पेशी अशा उतरतात ते पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल का, या विचारातून विन्ब्लास्टिन हाती लागलं आणि पुढे त्याच झाडातून विन्क्रिस्टिन.

आता तुमच्या पानांचा हिशेब बघा. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली तीव्र परिणामाची रसायनं, आहेत. विन्क्रिस्टिन त्यांत इतकं नगण्य असतं की काही ग्रॅम मिळवायला ढिगाने पानं लागतात. म्हणजे तुमच्या मूठभर पानांतून ते औषध म्हणून मिळणार नाही. मिळतील ती बाकीची विषारी द्रव्यं, ज्यांचं प्रमाण कुणी मोजलेलं नाही. एका पानात किती, हे झाडागणिक बदलतं. मी विन्क्रिस्टिन भरते तेव्हा एक मिलिलीटरमध्ये बरोबर एक मिलिग्रॅम असतं, कुपी २ ते ८ अंशांत उजेडापासून दूर ठेवलेली असते, आणि तरीही दुसरा माणूस ते तपासतो. इतक्या काट्यावर तोलायच्या गोष्टीत अंदाजाला जागा नाही. तुम्ही आधीच काही दिवस पानं खाल्ली असतील तर लपवू नका. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, पण काउंट आणि यकृताच्या तपासण्या वाचताना त्यांना ही माहिती लागते.

प्रश्न : सासऱ्यांना केमो चालू आहे आणि मला चौथा महिना आहे. त्यांचे कपडे, संडास-बाथरूम मीच बघते. बाळाला काही होईल का?

उत्तर : त्यांच्याजवळ बसणं, हात धरणं, त्यांना वाढणं, यात काही धोका नाही. धोका लघवी, शौच, उलटी यांच्या स्पर्शात आहे, कारण औषधाचे अंश त्यांतून बाहेर पडतात. विन्क्रिस्टिन जास्त करून शौचावाटे जातं. तुम्ही गरोदर आहात, तेव्हा हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, हे त्यांना स्पष्ट सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल. जो करेल त्याने डोसनंतर किमान ४८ तास, आणि केंद्राने जास्त दिवस सांगितले असतील तर तितके दिवस, हातमोजे घालावेत, घाण झालेले कपडे वेगळे आणि दोनदा धुवावेत, संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडावं, मोजे काढल्यावर साबणाने हात धुवावेत. तुमच्यावर कधी वेळ आलीच तर मोज्यांशिवाय हात लावू नका. आत्तापर्यंत जे झालं त्याबद्दल तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगून ठेवा, पण त्यावरून रात्रीची झोप घालवू नका.

प्रश्न : वय २६, ए.एल.एल. पहिल्या डोसनंतर जबडा खूप दुखला, दोन दिवसांत थांबला. आता चौथा डोस झाला आहे. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते. आजारामुळे अशक्तपणा आहे म्हणून असेल का?

उत्तर : जबड्याचं दुखणं या औषधाचं ओळखीचं आहे, बहुधा पहिल्या डोसनंतर येतं आणि जातं. पण चप्पल निसटणं हा अशक्तपणा नाही. पाऊल वर उचलणारी नस मंदावली की असं होतं. तुम्ही इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलंत म्हणून ते मला इथे बसून कळलं. डॉक्टरांनाही ‘अशक्त वाटतं’ असं न सांगता हेच सांगा, चप्पल निसटते.

घरी एवढं करून बघा. भिंतीचा आधार घेऊन नुसत्या टाचांवर चार पावलं चाला. उजवा चवडा खाली पडतो का ते बघा. शर्टाची बटणं न बघता लावता येतात का? जिना चढताना पाऊल पायरीला अडकतं का? आवाज घोगरा झाला आहे का, पापणी खाली येते आहे का? यातलं जे असेल ते लिहून न्या. घरात कुणाला लहानपणापासून पावलं वाकडी, पोटऱ्या बारीक, चालण्यात दोष असं असेल तर तेही न विसरता सांगा. शार्को-मारी-टूथ नावाचा आनुवंशिक आजार असणाऱ्यांना हे औषध फार जबर बाधतं आणि कधीकधी विन्क्रिस्टिन दिल्यावरच तो आजार घरात आहे हे कळतं.

डॉक्टर डोस कमी करतील, एखादा गाळतील किंवा पावलासाठी आधारपट्टी आणि व्यायाम देतील. आजार कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ते ठरेल. औषध थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, त्याने घाबरू नका. नस हळूहळू भरून येते, बहुतेकांची बरीचशी सुधारते, पण त्याला महिने लागतात. तोवर चप्पल सोडून मागून बंद असलेले बूट घाला, रात्री उठताना दिवा लावा, आणि अंघोळीचं पाणी आधी कोपराने तपासा, कारण बोटांना गरम कळेनासं झालेलं असू शकतं. ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला तर गोळी घेऊन वाट बघू नका, सरळ केंद्र गाठा.

पायाचं मात्र फोनवर आत्ताच सांगा, पाचवा डोस तयार व्हायच्या आधी. एकदा पिशवी भरून लेबल लागलं आणि तुम्ही खुर्चीत बसलात की सगळ्यांनाच घाई होते, आणि डोस बदलण्यासाठी विचार करायला वेळ लागतो.